पार्बताबाईचं खारं पाणी

माझी सासू जन्मभर खारं पाणी प्यायली आणि जन्मभर तिनं त्याची फुशारकी मारली. दुसरं कोणी असतं तर नशिबाला बोल लावत बसलं असतं. ही नाही. "आमच्या विहिरीचं पानी पेलं का पोटात काई राह्यत नाई," असं ती वरूडच्या पाहुण्यांना, दर्यापूरच्या डॉक्टरला, एसटीच्या कंडक्टरला, कोणालाही सांगायची. पोटात काही राहत नाही हे खरंच होतं म्हणा. मी लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस माझ्याही पोटात काही राहिलं नव्हतं.

सन बासष्टला आमची बदली अमरावतीला झाली. राजापेठेत दोन खोल्या मिळाल्या, अंगणातच नळ. मला तर दिवाळी झाल्यासारखं वाटलं. महिन्याभरानं बुढी पहिल्यांदा राहायला आली. (तोंडावर मी तिला आत्याबाई म्हणायचे, पाठीमागे बुढी. आता ती गेली, आता प्रेमानं बुढीच म्हणते.) एसटीतून उतरली ती एका हातात फिरकीचा तांब्या, दुसऱ्या हातात जर्मनची बरणी, दोन्हींत गावचं पाणी काठोकाठ. कपड्यांचं गाठोडं गावीच विसरली होती. पाणी नव्हती विसरली.

शेजारच्या इंदूबाईंनी मोठ्या कौतुकानं नळाचा गार पेला पुढं केला. बुढीनं ओठाला लावला आणि परत दिला.

"फिक्कं हाय."

"अवो आजीबाई, नळाचं पानी हाय! वास येते काय?" इंदूबाईंना लागलंच ते.

"वास नाई येत बाई. काईच नाई येत. म्हनूनच तं."

चौथ्या दिवशी बरणीचा तळ दिसला तशी ती निघाली. मी म्हटलं, "आत्याबाई, लेकापेक्षा पानी जास्त झालं काय?" तर म्हणते, "लेक तं दिवाळीले गावी येते. पानी येते काय इथं?"

माझे दीर-नणंदा, अख्खी वस्ती, सगळे तिला हट्टी म्हणत. मीही म्हणायचे, आणि माझं तोंड काही लहान नाही. पण त्या बाईचा एक दिवस मी डोळ्यांनी पाहिलाय. तो पाहिला नसता तर मीही आज तिला नुसती हट्टीच म्हटलं असतं.

आमचं धामणखेड पूर्णेच्या काठचं. अमरावती जिल्हा संपतो आणि अकोला सुरू होतो, त्या पट्ट्यात. मी वरूडची. आमच्याकडे संत्र्याच्या बागा, विहिरीला बारा महिने गोड पाणी, पोहरा सोडला की दोन हातांवर लागतं. माझ्या बापानं जावई मास्तर आहे एवढंच पाहिलं, गाव खारपाणपट्ट्यातलं आहे हे पाहिलं नाही. मी सासरी आले, चुलीवर चहा ठेवला, दूध टाकलं आणि चहा फुटला. मला वाटलं दूध खराब. दुसरं आणलं, तेही फुटलं. बुढी दारात बसून तंबाखू मळत होती. म्हणाली, "दुधाले कावून बोल लावतं पोरी? इथं काळा च्या पेतेत." तूर शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, घागरीला आतून पांढरा थर धरतो. आणि ही बाई त्या पाण्याचं गुणगान गाते! मला ती वेडीच वाटली.

गावात गोड पाण्याची विहीर एकच. नाल्याच्या वळणावर, पाटलाच्या घराकडे जाताना लागते. तिला सगळे गोडी म्हणत. बाकी चार विहिरी खाऱ्या, त्यातली एक आमच्या वस्तीत. गोडीवर आमच्या माणसांनी जायचं नाही, हा गावाचा जुना कायदा. सरकारचा नवा कायदा आला होता, छप्पन साली आम्ही दीक्षाही घेतली होती. बुढी पांढरं लुगडं नेसून नागपूरला जाऊन आली होती, अर्थात स्वतःचा तांब्या घेऊन. परत आल्यावर तिनं घरातले जुने देव नदीत सोडले आणि पाटलाकडचं गोठा झाडायचं काम सोडलं. म्हणाली, "आता कापूस येचीन, निंदन करीन. शेन नाई उचलनार." वस्तीतल्या सगळ्यांनीच तशी कामं सोडली. पुढच्याच उन्हाळ्यात आमचे दोघेजण घागरी घेऊन गोडीवर गेले, तर गावानं विहिरीच्या काठावर बोरीच्या काट्या टाकल्या आणि महिनाभर वस्तीला कोणी कामावर बोलावलं नाही. मग आमचेच म्हातारे म्हणाले, जाऊ द्या, पोट भरू द्या आधी. तेव्हापासून गोडीचं नाव कोणी काढत नव्हतं.

बुढी तर म्हणायचीच, "मी तं त्या विहिरीकडे कधी पाह्यलं बी नाई. आपलं काय कमी हाय?"

सत्तावन्नच्या वैशाखात माझं लग्न झालं. अठ्ठावन्नच्या श्रावणात शालू झाली, वरूडला, माहेरी. चार महिन्यांची घेऊन आले तेव्हा गुबगुबीत होती, दृष्ट लागावी अशी. बुढीनं तिला मांडीवर घेतलं की तासभर खाली ठेवायची नाही. पावसाचं पाणी आम्ही दोन रांजण भरून ठेवलं होतं, तेच गाळून शालूला द्यायचो. फाल्गुनात रांजण संपले. मग माझे मालक, देवमन मास्तर, सायकलला डबा बांधून तीन मैलांवरच्या झऱ्याचं पाणी आणायचे. चैत्रात झराही आटला. मग शालूला वस्तीच्या विहिरीचंच पाणी द्यावं लागलं, उकळून, थंड करून. उकळल्यानं खार जातो थोडाच?

पोरीला जुलाब लागले. एक दिवस, दोन दिवस, थांबायचं नाव नाही. डोळे खोल गेले. पोरगी रडायचीही बंद झाली, नुसती बघायची. दर्यापूरच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "हे पाणी मोठ्यांच्या अंगवळणी पडतं, तान्ह्याला सोसत नाही. गोड पाणी द्या, नाहीतर दोन उन्हाळे मुलीला माहेरी घेऊन जा. मी औषध देईन आणि तुम्ही वर हेच पाणी पाजाल, तर मी काही करू शकत नाही."

दोन उन्हाळे! म्हणजे दोन वर्षं नवऱ्याला, घराला सोडून बापाच्या दारात बसायचं. आणि वरूडला जायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या, वैशाखाच्या उन्हात, पोरीची ही अशी दशा. एवढ्या वाटेत ती राहील की नाही, याचीच मला धास्ती. आणि गोडी विहीर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पाण्यानं भरलेली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. पहाटे मी अंगणात सडा टाकत होते तर आमच्या विहिरीवर कोणीतरी पाणी शेंदताना दिसलं. पाहते तर पाटलाचा सालदार गोवर्धन. पन्नाशीचा बाप्या, डोक्याला फडकं गुंडाळून, चोरासारखा. खुशालराव पाटलाचा सालदार आमच्या विहिरीवर! मी बुढीला हाक मारली. ती कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काय रे गोवर्धन, रस्ता चुकला काय?"

"नाई काकू. बैलाले पानी पायजे होतं."

"तुह्या मालकाचा बैल पितळेच्या कळशीतून पेते काय रे?"

गोवर्धनानं खाली पाहिलं. बिचाऱ्याला खोटं बोलायचं होतं, पण जमत नव्हतं. शेवटी सगळं बाहेर आलं. झालं असं की मागच्या उन्हाळ्यात पाटील खळ्यावर राहायला होता. गोडी तिथून थोडी लांब, आमची विहीर खळ्याला लागून. गोवर्धन मुलखाचा आळशी. त्यानं चार पावलं वाचवायला आमच्या विहिरीतून पाणी भरलं आणि पाटलाच्या उशाशी ठेवलं. पाटलानं तोंड वाकडं केलं, "आज पानी खारट कावून लागते बे?" तर हा म्हणाला, "उन्हाळा हाय मालक, गोडी खाली गेली." महिनाभर पाटील तेच पाणी प्यायला. आणि पाटलाला होती आम्लपित्ताची जुनी व्याधी. जेवलं की छातीत आग, घशाशी आंबट, रात्र रात्र बसून काढायचा. ती आग त्या महिन्यात विझली.

पावसाळ्यात पाटील घरी आला, गोडीचं पाणी सुरू झालं आणि आग परत भडकली. अकोल्याच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं पांढरी पूड दिली आणि बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या भागात एखाद्या विहिरीचं पाणी सोड्यासारखं असतं, त्यानं आंबटपणा मोडतो." पाटलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन त्यानं गोवर्धनाला दरडावलं, "खरं बोल, कोनत्या विहिरीचं पानी देल्लं होतं तू मले?" गोवर्धनानं पाय धरले आणि खरं सांगितलं. मग पाटलानं गावातल्या बाकीच्या खाऱ्या विहिरींचं पाणी पिऊन पाहिलं. ते नुसतं मिठासारखं, त्यानं उलटी झाली. मग एक दिवस गोवर्धनाला म्हणाला, "पहाटे जात जा. कोनाले दिसू नको."

मला तर असं हसू फुटलं की हातातली बादली सांडली. मग राग आला. मी म्हटलं, "आत्याबाई, आता सोडाचं नाई! साऱ्या गावाले सांगते मी. चावडीवर जाऊन सांगते, पाटील आमच्या विहिरीचं पानी पेते म्हनून!"

"चूप बस," बुढी म्हणाली. "मानूस दुखून राह्यला, त्याचा तमाशा करतं काय?"

मग ती गोवर्धनाकडे वळली. "पान्याले नाई म्हनत नाई मी. पान्याले नाई कसं म्हनतेत ते मले ठावं हाय, मी नाई म्हननार. पन चोरून नेऊ देनार नाई. मालकाले सांग, दिवसा या. स्वतः या. पार्बता आपल्या हातानं पानी देईन."

गोवर्धन रिकामी कळशी घेऊन गेला. आणि मी तिथंच बुढीशी भांडायला उभी राहिले. अवो, एवढी मोठी गोष्ट हाती आली होती! मी म्हटलं, नुसतं 'या' काय म्हणता? सांगा ना त्याले, तुले खारं पायजे, आमाले गोड पायजे. एक कळशी घे, एक घागर दे. शालू वाचते त्याच्यानं!

"पान्याचा सौदा मी करत नाई," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

चार दिवस गोवर्धन फिरकला नाही. पाटीलही आला नाही. तो कसला येतो? त्याच्या सात पिढ्यांत कोणी आमच्या वस्तीत पाय ठेवला नव्हता. इकडे शालूच्या अंगावर कातडी सैल पडली. मी देवमन मास्तरांना सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं मला वरूडला नेऊन सोडा. गाठोडं बांधायला घेतलं. बुढी पोरीचे पाय चोळत बसली होती. म्हणाली, "एवढ्या उन्हात नको नेऊ वं. थांब दोन दिवस."

माझा तोल गेला. मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. "तुमचे पयले दोन लेकरं बी असेच उन्हाळ्यात गेले ना आत्याबाई? तवाबी तुमी हेच म्हनत होत्या काय, आपलं पानी चांगलं म्हनून? माही पोरगी मी नाई देत तुमच्या पान्याले."

तिचे हात थांबले. देवमन मास्तर माझ्यावर ओरडले, त्यांना मी आयुष्यात एवढं चिडलेलं पाहिलं नाही. बुढीनं मात्र शालूवर पदर टाकला आणि बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसली. जेवलीही नाही त्या दिवशी. मला माझी लाज वाटत होती, पण माफी मागायला जीभ उचलली नाही. आजही ते आठवलं की घास तोंडात फिरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मास्तरांच्या हातात गाठोडं, माझ्या कडेवर शालू. वस्तीच्या तोंडाशी आलो आणि समोरून खुशालराव पाटील येताना दिसला. एकटा. धोतर, बंडी, हातात काठी, पायांत जोडा. चेहरा पिवळा पडलेला, एक हात छातीवर. ऊन चांगलं वर आलं होतं, लपायला सावली नव्हती. वस्तीतली माणसं दारादारात येऊन उभी राहिली. पाटील कोणाकडे न बघता सरळ विहिरीपाशी गेला.

आम्ही उलट्या पावली फिरलो. गाडी गेली तर गेली.

बुढी विहिरीवरच होती. तिनं पोहरा सोडला, पाणी शेंदलं, गडवा घासून धुतला, भरला. पाटलानं काठी बाजूला ठेवली. आणि मग त्याला पुढं काय करावं तेच कळेना. त्याच्या घरी पाणी मागायला गेलेल्या आमच्या माणसानं काय करायचं ते ठरलेलं होतं. कमरेत वाकायचं, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची, आणि वरून कोणी ओतलं तर प्यायचं. परक्या जातीच्या माणसानं दुसऱ्याच्या दारात पाणी पिण्याची त्याला ती एकच रीत ठाऊक. जन्मभर पाहिलेली. पाटील वाकला आणि त्यानं ओंजळ धरली.

दारादारातली माणसं पुढं सरकली.

बुढी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या जागी मी असते तर ओतलं असतं, खरं सांगते, वरून, लांबून, अंगावर सांडवत ओतलं असतं, आणि सगळ्या गावाला दाखवलं असतं. तिनं गडवा खाली आणला.

"वंजय नका धरू पाटील," ती हळूच म्हणाली. "आमी कोनालेच तसं पाजत नाई. गडवा घ्या."

पाटील सरळ उभा राहिला. गडवा हातात घेतला. क्षणभर धरून ठेवला, मग तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा प्यायला. दुसरा मागितला. तोही प्यायला. धोतराच्या सोग्यानं मिशी पुसली आणि त्याला माझ्या कडेवरची शालू दिसली. "लेकराले काय झालं?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बुढीनं मला डोळ्यानं दटावलं. "पान्याचं दुखनं हाय," ती म्हणाली. "होईन बरं." एवढंच. मागितलं काहीच नाही. पाटील उभा राहिला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण काठी उचलून चालायला लागला. मला अशी तिडीक आली! पाणी पिऊन हा चालला, आणि ही बाई बघत बसली!

तेवढ्यात बुढीनं घरात जाऊन घागर आणली. खांद्यावर दोर टाकला. गडवा हातात.

"चाल," मला म्हणाली.

"कुठं?"

"गोडीवर."

"अवो, त्यानं कुठं हो म्हटलं?"

"त्याले कोन इचारते? माह्या हातचं पानी ज्याच्या पोटात गेलं, त्याच्या विहिरीले माही घागर कशी बाटवीन? त्याच्यासाठीच तं दिवसा बलावलं त्याले. साऱ्याईनं पाह्यलं न आता? चाल."

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं, ही बाई चार दिवस कशाची वाट बघत होती ते. सौदा तिला नकोच होता. सौद्याचं पाणी त्यानं उद्या बंद केलं असतं.

पुढे पाटील, वीस पावलांमागे बुढी, तिच्यामागे पोरीला घेऊन मी आणि मास्तर, आणि आमच्या मागे हळूहळू अर्धी वस्ती. गोडीवर पाच-सहा बायका पाणी भरत होत्या. त्यांत रुख्मिणी होती, किराणा दुकानवाल्याची बायको, गावात तिच्या तोंडाला कोणी लागायचं नाही. तिनं बुढीला पाहिलं आणि घागर तशीच ठेवून ओरडली, "पारबते! कुठं घुसून राह्यली? पाटील, पाहून राह्यले न तुमी? काट्या आना रे कोनी!"

पाटील विहिरीच्या पुढं गेला होता. त्याला चालत राहता आलं असतं. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. तो थांबला. पाठ आमच्याकडेच होती, कान लाल झालेले मला दिसत होते. मग वळला.

"भरू द्या तिले," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी आता पार्बताबाईच्या गडव्यानं पानी पेऊन आलो. मी चालतो तं तिची घागर बी चालते."

आणि निघून गेला. पाटलाला मी मोठा माणूस म्हणत नाही. छातीत आग नसती तर तो आला नसता, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तो थांबला, हेही खोटं नाही. पुढे गावात कुरबुरी झाल्या, रुख्मिणीनं वर्षभर आमच्यासमोर घागर दोनदा घासली, पण काट्या पुन्हा पडल्या नाहीत.

बायका बाजूला सरकल्या. बुढीनं दोर सोडला. पोहरा वर आला, पाणी असं स्वच्छ की तळाची खीळ दिसावी. तिनं आधी घागर भरली. मग गडवा भरून माझ्याकडे दिला. मी शालूच्या ओठांवर बोटानं थेंब थेंब सोडले. पोरीनं चाटले, पुन्हा तोंड पुढं केलं. कितीतरी दिवसांनी तिनं काही मागितलं होतं. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "आत्याबाई, काल मी जे बोलले…"

तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. विहिरीपासून पंधरा हातांवर निंबाखाली एक काळा दगड होता, बसायच्या उंचीचा. ती त्याच्याकडे बघत होती.

"हा गोटा अजून हाय," ती म्हणाली.

"कोनता गोटा?"

"मी अकरा वर्साची लग्न होऊन आली तवा सासूनं घागर देऊन धाडलं मले. म्हने, गोडीपासी जाऊन बस, कोनी बाईनं वरून ओतलं तं घेऊन ये. मी या गोट्यावर बसली. सकायपासून दिवस बुडेलोक. साऱ्या बाया आल्या, भरून गेल्या. मी हरेक बाईले म्हने, माय, घालता काय वं माय. कोनी नाई घातलं. घरी गेली अन् आपल्या विहिरीचं पानी पेली. सासूले म्हटलं, हेच चांगलं हाय. आपल्याले तेच नाई पायजे. तवापासून म्हनते."

हीच बाई म्हणायची, मी त्या विहिरीकडे कधी पाहिलंसुद्धा नाही म्हणून. चव्वेचाळीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मधे तिची दोन लेकरं गेली होती.

मी गडवा धुतला, गोडीच्या पाण्यानं भरला आणि तिच्या हातात दिला. "घ्या आत्याबाई."

"मले कायले? मी आपलं घरी जाऊन…"

"घ्या म्हनते न मी."

तिनं घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, या गालातून त्या गालात फिरवला, आणि गिळला. बायका बघत होत्या, वस्ती बघत होती.

"फिक्कं हाय," ती म्हणाली.

मग उरलेला गडवा एका दमात प्याली. रिकामा गडवा माझ्यापुढे केला. मी भरला, तो प्याली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून गडव्यात पडत होतं, आणि ती पुसत नव्हती. "काईच नाई वं याच्यात," म्हणाली आणि पुन्हा गडवा पुढे केला. फिक्कं हाय, फिक्कं हाय म्हणत ती बाई त्या दिवशी तीन गडवे पाणी प्याली.